एका विभागाची जर्नल-यादी: विमा आणि ॲक्च्युरिअल जर्नलांचं वजन सायटेशनवरून ठरवताना काय काय झालं

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यापीठातल्या विभागाचं आहे, नाव-गाव काढलंय आणि माणसंही ओळखू येणार नाहीत अशीच सांगते. मी तेव्हा तिथल्या लायब्ररीत संशोधनाची आकडेवारी बघायचे, म्हणजे कुणाचे पेपर कुठे छापून आले, त्यांना किती सायटेशन्स मिळाली (दुसऱ्यांनी आपल्या पेपरांत त्यांचा किती वेळा संदर्भ दिला), असे रिपोर्ट काढून द्यायचं काम. हा विभाग विमा आणि ॲक्च्युरिअल सायन्सचा, म्हणजे विम्यातल्या धोक्यांच्या गणिताचा, माणसं मोजकीच, पण आत तीन अगदी वेगळी कामं चालायची. काही जण विम्याचं अर्थशास्त्र करायचे, म्हणजे लोक विमा कधी घेतात, धोका जास्त असलेलेच जास्त का येतात, नियमन किती असावं वगैरे. दुसरे गणितवाले, त्यांचं सगळं कंपनी बुडण्याची शक्यता, मृत्युदराचे मॉडेल, येणाऱ्या क्लेमसाठी किती रक्कम राखून ठेवायची यावर. आणि दोघं-तिघं व्यवसायातून आलेले, पास झालेले ॲक्च्युअरी (विमा कंपन्यांसाठी हे गणित करणारे), त्यांचे लेख व्यावसायिक संस्थांच्या प्रकाशनांत यायचे.

एकाच वर्षी या तिन्ही बाजूंची एकेक प्रमोशनची फाइल आली. अर्थशास्त्रवाल्या मॅडमना मी इथे अ म्हणते, गणितवाल्या सरांना ब आणि व्यवसायातून आलेल्या सरांना क.

अडचण कुठे आली

कमिटीचा नियम सोपा होता. पेपर ज्या जर्नलात आलाय ते जर्नल 'फायनान्स' या विषयगटात इम्पॅक्ट फॅक्टरनुसार, म्हणजे जर्नलच्या दर लेखामागे मिळणाऱ्या सायटेशन्सच्या आकड्यानुसार, वरच्या अर्ध्यात असलं पाहिजे, नाहीतर तो पेपर धरायचा नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, वशिल्यापेक्षा आकडा बरा असंच त्यांना वाटत होतं आणि त्यात चुकीचं काही नाही.

पण कमिटी वापरायची त्या सायटेशन डेटाबेसमध्ये विमा असा वेगळा विषयगट नाहीच. जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्स फायनान्स आणि इकॉनॉमिक्समध्ये बसतं. 1982 मध्ये सुरू झालेलं इन्शुरन्स: मॅथेमॅटिक्स अँड इकॉनॉमिक्स हे इकॉनॉमिक्समध्ये आहे, स्टॅटिस्टिक्समध्ये आहे, गणिताच्या उपयोजनांत आहे, पण फायनान्समध्ये नाही. म्हणजे ब सरांचे चांगले चांगले पेपर या नियमाखाली खाली घसरत नव्हते, ते दिसतच नव्हते! क सरांचं तर विचारूच नका, त्यांची प्रकाशनं बरीचशी डेटाबेसमध्येच नव्हती.

विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "आमच्या विषयातल्या जर्नलांचा खरा प्रभाव किती हे सायटेशनवरून काढून दे, म्हणजे मी कमिटीशी बोलू शकेन." मी लगेच हो म्हटलं. 'प्रभाव' म्हणजे कुणावरचा प्रभाव, हे मी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढची निम्मी ओढाताण तिथूनच सुरू झाली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तयार इम्पॅक्ट फॅक्टर घ्यायचा, फक्त योग्य विषयगटात बसवून. ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये मांडली आणि 1975 पासून जर्नलांचे हे आकडे दरवर्षी निघतात. 2012 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे 2010 आणि 2011 च्या लेखांना 2012 मध्ये मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख. आता ॲक्च्युरिअल गणितातला पेपर धरा, 2010 च्या मध्यावर छापला, कुणीतरी वाचला, त्यावर पुढचं प्रमेय सिद्ध करायला त्याला वर्ष लागलं, 2011 मध्ये पाठवला, तपासणारे दोन फेऱ्या घेतात, आणि 2013 मध्ये तो छापून येतो. पहिल्या पेपरची दोन वर्षांची खिडकी तोवर बंद झालेली असते. म्हणजे पेपर उपयोगी पडला, त्यावर पुढचं काम उभं राहिलं, आणि जर्नलच्या खात्यात शून्य.

जुनी उदाहरणं काढून बघितली तर हे अजून स्पष्ट होतं. ब्यूलमान यांचा क्रेडिबिलिटीवरचा (प्रीमियम ठरवताना आधीच्या अनुभवावर किती भरवसा ठेवायचा) पेपर ॲस्टिन बुलेटिनमध्ये 1967 ला आला, थॉमस मॅक यांचा चेन लॅडरच्या (जुन्या क्लेमवरून राखीव रक्कम काढायची पद्धत) अंदाजातली चूक मोजणारा पेपर त्याच जर्नलात 1993 ला, गर्बर आणि श्यू यांचा नॉर्थ अमेरिकन ॲक्च्युरिअल जर्नलमध्ये 1998 ला. हे पेपर लोक अजून उद्धृत करतात. दोन वर्षांच्या खिडकीतून यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

दुसरा पर्याय विषय बघून दुरुस्त केलेल्या मापांचा, म्हणजे पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर किंवा स्निप. स्निपमध्ये ज्या विषयात मुळातच संदर्भयाद्या छोट्या असतात तिथल्या सायटेशनला जास्त वजन मिळतं, आणि गणिताच्या पेपरांच्या संदर्भयाद्या छोट्याच असतात, त्यामुळे हे आमच्या कामाचं होतं. तिसरा, आपणच जर्नलांचा एक संच ठरवून कोण कुणाला उद्धृत करतं याचा तक्ता बनवायचा. चौथा, विषयातल्या जाणत्या माणसांना विचारायचं. चौथा मॅडमना नको होता, त्यांचं म्हणणं आमच्याच लोकांना विचारलं तर कमिटी म्हणेल घरच्यांनी घरच्यांना मार्क दिले. मला तेव्हा ते पटलं. आता वाटतं की बाहेरच्या लोकांना तरी विचारायला हवं होतं.

आम्ही तिसरा घेतला आणि सोबत दुसरा ठेवला.

तक्ता कसा केला

पाच वर्षं धरली. आडव्या ओळीत उद्धृत करणारं जर्नल, उभ्या रकान्यात उद्धृत झालेलं. त्या पाच वर्षांतल्या प्रत्येक पेपरची संदर्भयादी घेऊन त्यातली नावं जुळवायची, बस. ऐकायला सोपं आहे पण सहा आठवड्यांतले चार तर मी नावं जुळवण्यात घालवले, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण अशा अभ्यासांचा निकाल वाचणाऱ्यांना हा भाग कधी दिसत नाही.

जर्नलं नावं बदलतात. जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्सचं नाव 1964 च्या आधी जर्नल ऑफ इन्शुरन्स होतं. स्कँडिनेव्हियन ॲक्च्युरिअल जर्नलची परंपरा 1918 पासूनची, पण जुन्या संदर्भांत स्कँडिनेव्हियन भाषेतलं नाव येतं आणि तेही तीन-चार प्रकारे छाटलेलं. ब्रिटनमधलं जुनं जर्नल ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज 1995 पासून ब्रिटिश ॲक्च्युरिअल जर्नलमध्ये विलीन झालं. जुन्याची सायटेशन्स नव्याला द्यायची का? आम्ही दिली, पण वेगळा रंग करून.

सगळ्यात त्रास जिनिव्हा पेपर्सनी दिला. हे 1976 ला सुरू झालं, मग 1990 च्या सुमारास सिद्धांताचा भाग वेगळा निघाला आणि 2005 पासून तो जिनिव्हा रिस्क अँड इन्शुरन्स रिव्ह्यू झाला, तर मूळ धाग्याचं इश्यूज अँड प्रॅक्टिस चालू राहिलं. मधल्या काळातल्या संदर्भांत लोक नुसतं 'जिनिव्हा पेपर्स' लिहितात. मी म्हटलं खंड क्रमांकावरून वेगळं करू, तर दोघांचे खंड क्रमांक त्याच वर्षाला तेच! 1995 चा खंड 20 इकडेही आणि तिकडेही. शेवटी पान क्रमांक आणि पेपरचं शीर्षक बघून एकेक संदर्भ हाताने लावला. मशीनवर सोडलं असतं तर सिद्धांतवाल्या जर्नलची सायटेशन्स प्रॅक्टिसवाल्याला गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा: कुठली जर्नलं संचात घ्यायची. नुसती विमा आणि ॲक्च्युरिअल घेतली तर बाहेरचा प्रभाव कळत नाही. आणि बाहेर बरंच काही आहे, ली आणि कार्टर यांचा मृत्युदराचा पेपर 1992 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलात आला, रॉथशिल्ड आणि स्टिग्लिट्झ यांचा विमा बाजारावरचा 1976 चा पेपर क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. आमचं क्षेत्र या दोन पेपरांवर किती उभं आहे हे त्यातल्या माणसाला सांगायला नको. तर आम्ही दोन वर्तुळं केली, आतलं विमा-ॲक्च्युरिअलचं आणि बाहेरचं फायनान्स, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्समधल्या काही जर्नलांचं, बाहेरच्यांचा फक्त 'उद्धृत करणारे' म्हणून उपयोग.

इथेच खरी गोष्ट समोर आली. आतल्या वर्तुळात दोन घोळके दिसले. एका घोळक्यात इन्शुरन्स: मॅथेमॅटिक्स अँड इकॉनॉमिक्स, ॲस्टिन बुलेटिन, स्कँडिनेव्हियन, नॉर्थ अमेरिकन, ही एकमेकांना भरभरून उद्धृत करतात. दुसऱ्यात जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्स, जिनिव्हाची दोन्ही, ही एकमेकांशी बोलतात आणि फायनान्स-अर्थशास्त्राशी बोलतात. मधे पूल आहेत, उदाहरणार्थ केर्न्स, ब्लेक आणि डाउड यांचा मृत्युदराचा 2006 चा पेपर जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्समध्ये आला आणि त्याला गणितवाल्यांकडून खूप सायटेशन्स मिळाली. पण एकूण बघितलं तर ही दोन वेगळी संभाषणं आहेत. एकाच क्रमवारीत दोघांना घातलं की कुठला घोळका मोठा आणि कुणाच्या संदर्भयाद्या लांब, एवढंच शेवटी मोजलं जातं.

दुसरी जागा: स्वतःचीच सायटेशन्स. जर्नल स्वतःला उद्धृत करतं ती काढून टाकायची ही बरीच पाळली जाणारी पद्धत आहे, फुगवाफुगवी टाळायला. मी आधी काढलीच होती. ब सरांनी विचारलं की रिझर्व्हिंगवर, म्हणजे क्लेमसाठी रक्कम राखून ठेवण्यावर, लिहिणारी जर्नलं जगात किती, आणि त्या विषयाचा पेपर ॲस्टिन बुलेटिनमध्ये आला तर तो ॲस्टिन बुलेटिनलाच उद्धृत करणार ना, नाहीतर कुणाला करणार? बरोबर होतं त्यांचं. अरुंद विषयाच्या जर्नलला स्वतःची सायटेशन्स काढल्याने जास्त फटका बसतो, त्यात गैर काही नसताना. आम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले. वरच्या-खालच्या टोकाला फरक पडला नाही, मधल्या तीन-चार जर्नलांची मात्र अदलाबदल झाली, आणि नेमकी प्रमोशनची रेघ त्या मधल्या भागातूनच जात होती.

तिसरी जागा: एकूण सायटेशन की दर पेपरमागे. जास्त पेपर छापणाऱ्या जर्नलचा एकूण आकडा मोठा दिसणारच, म्हणून दर पेपरमागे. पण मग 'पेपर' कशाला म्हणायचं? ॲक्च्युरिअल जर्नलांत पेपरबरोबर त्यावरची चर्चा छापायची जुनी रीत आहे, नॉर्थ अमेरिकनमध्ये लेखी चर्चा आणि लेखकाचं उत्तर, ब्रिटिशमध्ये सभेतली चर्चा. ती भाजकात धरली तर जर्नल उगाच खाली जातं, आणि तिला मिळालेली सायटेशन्स वर धरून खाली नाही धरली तर उगाच वर जातं. आम्ही चर्चा मूळ पेपरला जोडून एकच धरली. मला हा निर्णय अजून बरोबर वाटतो.

शिवाय सरासरीही फसवते. सेगलेन यांनी 1997 मध्ये लिहिलं होतं तेच आमच्याही तक्त्यात दिसलं, थोडे पेपर बहुतेक सायटेशन्स घेऊन जातात आणि बाकीच्यांना तुरळक. त्यामुळे सरासरीशेजारी मधला आकडाही दिला.

चौथी जागा, जिथे मी चुकले. पिन्स्की आणि नारिन यांनी 1976 मध्ये सुचवलेली पद्धत आहे, प्रभावी जर्नलने उद्धृत केलं तर त्या सायटेशनला जास्त वजन, आणि हे गणित फिरवत राहायचं, पुढे गूगलचं पेजरँक आणि जर्नलांसाठीचं आयगनफॅक्टर याच धाटणीचे. मला ही पद्धत फार आवडते आणि मी ती आमच्या छोट्या तक्त्यावर लावली. एक जर्नल संचातून काढून बघितलं तर क्रम हलला, दुसरं काढलं तर परत हलला, कारण एवढ्या छोट्या संचात एखादा घोळका आपापसात वजन फिरवत बसतो. म्हणजे क्रमवारी विश्वासाची नव्हती हे मला माहीत होतं. तरी मी तो रकाना परिशिष्टात ठेवला, खाली बारीक अक्षरात सूचना लिहून. मेहनत केली होती, काढवेना.

काय झालं

मॅडमनी कमिटीपुढे दोन याद्या ठेवल्या, एक विम्याच्या अर्थशास्त्राची, एक ॲक्च्युरिअल गणिताची, आणि प्रत्येकीत क्रमांक न देता तीन पट्टे. सोबत एक विनंती, की पट्टा ही फक्त सुरुवात धरा आणि दर उमेदवाराचे दोन पेपर बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. कमिटीने दोन याद्या मान्य केल्या. वाचून घेण्याचं 'शक्य असेल तिथे' एवढ्यावर आलं.

अ मॅडमचं काम आधीच्या नियमातही बसत होतं, त्यांना अडचण आली नाही. ब सरांचं प्रमोशन झालं, आणि या तक्त्याशिवाय त्या वर्षी झालं नसतं हे मी खात्रीने सांगते. क सरांची फाइल वर्षभर पुढे ढकलली गेली.

क सरांचं मला अजून लागतं. त्यांचा एक लेख रिझर्व्ह काढणारी माणसं प्रत्यक्ष कामात वापरत होती, पण ती माणसं पेपर लिहीत नाहीत, क्लेमचे त्रिकोणी तक्ते मांडतात आणि सही करून रिपोर्ट देतात. त्या रिपोर्टांना संदर्भयादी नसते. रिझर्व्ह काढायची बोर्नह्यूटर-फर्ग्युसन पद्धत बघा, तो पेपर 1972 मध्ये अमेरिकेतल्या कॅज्युअल्टी ॲक्च्युरिअल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला, म्हणजे व्यावसायिक संस्थेच्याच प्रकाशनात, आणि आज जगभर रोजच्या कामात वापरली जाते, बहुतेक वेळा मूळ पेपर न उघडता. आणि चेन लॅडर, ज्याच्यावर मॅक यांनी लिहिलं, त्याला तर सगळ्यांनी मान्य केलेला असा एक मूळ पेपरही नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याबद्दल लिहून ठेवलंय की कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा उगम सांगायची कुणाला गरजच वाटत नाही. ॲक्च्युरिअल कामात हे इतकं होतं की सायटेशनवर काढलेली कुठलीही यादी व्यवसायाची बाजू कमीच दाखवणार, आणि हे मला यादी करतानाच मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

आणि परिशिष्टातला तो रकाना. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका ऑफिसने संशोधन निधी वाटताना फक्त तोच उचलला, एक ते शेवटपर्यंत क्रमांक, बारीक अक्षरातली सूचना कॉपी करताना गळून गेली. मी पत्र लिहिलं, मॅडमनी फोन केला, तो वर्षभरासाठी मागे घेतला गेला, पण तोवर दोघा तरुण लोकांनी आपले पेपर कुठे पाठवायचे ते त्या क्रमांकावरून बदललं होतं. त्यातल्या एकाने मला येऊन विचारलं की अकरावं जर्नल बाराव्यापेक्षा किती चांगलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण तसं काही नव्हतंच.

आज करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच विचारेन की प्रभाव कुणावरचा: संशोधकांवरचा, बाहेरच्या शास्त्रांवरचा, की काम करणाऱ्या ॲक्च्युअरींवरचा. तिघांची मोजणी वेगळी. तिसऱ्यासाठी व्यावसायिक परीक्षांची वाचनयादी, संस्थांच्या मार्गदर्शक नोंदी, सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या पद्धती आल्यात, हे बघेन, आणि आकडा नाही निघाला तर नाही म्हणून लिहीन.

खिडकी पाचाऐवजी दहा वर्षांची ठेवेन आणि अर्धायुष्यही देईन, म्हणजे मिळालेल्या सायटेशन्सपैकी निम्मी किती वर्षांपर्यंतच्या लेखांना जातात. कमिटीतल्या लोकांना हा एक आकडा समजायला सोपा जातो, आमच्या जर्नलांचे लेख किती वर्षं जुने झाल्यावरही वाचले जातात ते त्यात लगेच दिसतं.

जो क्रम एक जर्नल काढल्यावर हलतो तो छापणार नाही, परिशिष्टातही नाही. आणि तक्ता सगळा उघडा ठेवेन, कुठलं नाव कुठल्या जर्नलला जोडलं त्यासकट, म्हणजे ब सरांसारखा प्रश्न बाहेरचा माणूसही विचारू शकेल.

एक गोष्ट अजून राहिलीय. ब्यूलमान आणि श्ट्राउब यांचा 1970 चा क्रेडिबिलिटीवरचा पेपर जर्मनमध्ये आहे, स्विस ॲक्च्युअरींच्या बुलेटिनमध्ये. अशी काही राष्ट्रीय बुलेटिनं पुढे एकत्र येऊन 2011 पासून युरोपियन ॲक्च्युरिअल जर्नल निघालं, पण जुन्या अंकांना मिळालेली सायटेशन्स माझ्या तक्त्यात 'इतर' नावाच्या रकान्यात पडून आहेत, तपासायला कुणी बसलं नाही. विभागाची पुढची फेरी पुढच्या वर्षी आहे, क सरांची फाइल त्याआधी परत जाणार आहे, आणि तो 'इतर' रकाना उघडायला मी मॅडमकडून दोन आठवडे आधीच मागून घेतलेत.